अरुंधती शोधायची कशी: बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या नवख्यांसाठी

लग्नात भटजी वर बोट करून "ती बघा अरुंधती" म्हणतात, नवरा-नवरी माना डोलावतात, फोटोवाला "आणखी एकदा वर बघा" म्हणतो आणि पुढचा विधी सुरू होतो. माझ्या लग्नात वर पत्रा होता आणि पत्र्याखाली गरगरणारा पंखा. दुपारचे साडेबारा वाजले होते. मीही मान डोलावली.

खरी अरुंधती मी त्यानंतर अकरा वर्षांनी पाहिली, घराच्या गच्चीवरून, फुकटात. चौथ्या प्रतीची (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप) पांढरी, मंद चांदणी. साध्या डोळ्यांनी दिसते, पण 'ती तिकडे' म्हणून कुणी बोट दाखवलं तर हमखास चुकते. म्हणून नवख्यांनी पहिली गोष्ट ही करावी की अरुंधतीला शोधूच नये. आधी जवळचं ठळक शोधावं, त्यावरून बारक्याकडे यावं. आपल्याकडे या रीतीला नावच आहे, स्थूलारुंधती न्याय. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात तो दृष्टांत वापरलाय: आधी शेजारचा मोठा तारा दाखवून 'ही अरुंधती' म्हणायचं, नजर तिथं स्थिरावली की 'ही नव्हे, हिच्या शेजारची' म्हणायचं. वेदांताचं मला फारसं कळत नाही, पण गच्चीवर उभं राहून तारा दाखवायला याहून चांगली रीत मला सापडलेली नाही.

आधी रात्र निवडा

आपल्या भागातून अरुंधती संध्याकाळच्या आकाशात बघायचे दिवस म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत. मेच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास ती उत्तरेला सगळ्यांत उंच असते, क्षितिजापासून जवळजवळ ५१ अंश. हात लांब करून मूठ वळली की ती साधारण दहा अंश भरते. म्हणजे पाच मुठी एकावर एक.

चंद्राचं गणित कालनिर्णय बघूनही जमतं. कृष्ण अष्टमीपासून अमावास्येपर्यंत चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो, तोवर आकाश आपलं. अमावास्येनंतरचे चार दिवसही चालतात. अक्षय्य तृतीयेला तर मुद्दाम वर जा. कोर नऊ-साडेनऊपर्यंत मावळते आणि सप्तर्षी तोवर चांगले वर आलेले असतात. दुपारचं आमरसाचं जेवण तोवर उतरलेलंही असतं.

मार्चमध्ये आपल्याकडे उसाचं पाचट पेटवतात, चिकोडी-निपाणी पट्ट्यात संध्याकाळी आकाशाला राखेरी कड येते. त्या दिवसांत चौथ्या प्रतीचा तारा धुरात जातो. मेमध्ये मात्र दुपारी वळीव धो धो कोसळून गेला आणि रात्री ढग पांगले, तर सोडू नका. धूळ बसलेली असते. वर्षातल्या माझ्या सगळ्यांत चांगल्या रात्री अशा वळवानंतरच्याच आहेत. त्यात वळवानं लाईट घालवलेली असेल तर सोन्याहून पिवळं. अख्खी गल्ली शिव्या घालत असते आणि मी जिना चढत असतो.

शहर पाठीशी ठेवा

बेळगावातली मंडळी तारे बघायचे म्हटलं की येळ्ळूरकडे, राजहंसगडाकडे गाडी घालतात. जागा सुंदर आहे, पण येळ्ळूर शहराच्या दक्षिणेला. तिथून उत्तरेला तोंड केलं की समोर अख्ख्या बेळगावचा उजेड. वृश्चिक बघायला येळ्ळूर उत्तम. अरुंधतीसाठी उत्तरेला जा, काकती-कडोलीच्या बाजूला, म्हणजे शहर पाठीमागे राहतं.

खानापूरकरांना, विशेषतः जांबोटी-कणकुंबीकडच्यांना, कुठंच जायची गरज नाही. अंगणात उभं राहिलं की झालं. फक्त हौसेनं जंगलात शिरू नका. तिकडे अस्वल आहे, हत्ती येतात. गावाच्या कडेची मोकळी जागा पुरते. कुणाच्या शेतात जाणार असाल तर मालकाला आधी सांगा. रात्री शेतात चार माणसं बॅटरी घेऊन उभी दिसली की लोक काय समजतील ते सांगायला नको. पायात बूट हवेतच, मे महिन्यात साप बाहेर असतात.

शहराच्या मध्यावर, टिळकवाडीत किंवा शहापुरात राहात असाल तरी नाउमेद होऊ नका. गच्चीवर जा आणि रस्त्यावरचा दिवा पाण्याच्या टाकीआड येईल असे उभे राहा. टाकीचा एवढा उपयोग दुसऱ्या कुठल्या छंदात होत नसेल.

डोळे आणि चष्मा

अंधारात आल्यावर डोळे पुरते सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. त्यात एकदा मोबाईल उघडला की पुन्हा पहिल्यापासून. बॅटरीवर लाल जिलेटीन कागद दोन पदरी गुंडाळून रबर लावा, तेवढ्या उजेडात वही दिसते.

लांबचा चष्मा असेल तर तो लावूनच बघा, आणि काचा पुसून घ्या. एका मे महिन्यात मी पाहुण्यांना गच्चीवर नेलं आणि वीस मिनिटं "आज हवा धूसर आहे" असं सांगत राहिलो. भाच्यानं "मामा, मला तर दोन दिसालेत की" म्हटलं तेव्हा कळलं, धूसर हवा नव्हती. माझा नंबर वाढला होता.

बाजलं, मग अत्री, मग वसिष्ठ

संध्याकाळी सूर्य मावळतो त्या दिशेला डावा हात धरा. तोंड उत्तरेकडे झालं. मे महिन्यात सूर्य नेमक्या पश्चिमेच्या थोडा उजवीकडे मावळत असल्यानं तुमचं तोंड किंचित ईशान्येकडे वळेल. वळू दे, रात्री नऊपर्यंत आपल्याला हवं ते तिकडेच असतं.

आता सप्तर्षी, म्हणजे ठळक सात तारे. आमची आज्जी यांना बाजलं म्हणायची. चार ताऱ्यांची चौकट म्हणजे बाज, आणि बाजेमागे रांगेनं तीन चोर. पुस्तकातल्या चित्रात बाज सरळ असते, आपल्याकडे मेच्या रात्री ती पालथी दिसते. बाज डावीकडे, चोर उजवीकडे. पोरांना पतंग आणि शेपूट म्हटलं की पटकन दिसतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंतर हात लांब करून धरलेल्या एका वितेहून जरा जास्त. नवखे लोक फार लहान आकृती शोधतात आणि कृत्तिकांवरच समाधान मानतात, म्हणून हे सांगितलं.

डावीकडून नावं अशी: क्रतू आणि पुलह, मग पुलस्त्य आणि अत्री, ही झाली चौकट. शेपटीत अंगिरा, वसिष्ठ, मरीची. क्रतू खाली, पुलह वर. पुलहापासून क्रतूकडे रेघ काढून तशीच खाली पाचपट वाढवली की ध्रुव येतो. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम दीड मूठ वर, समोर नारळाचं झाड असलं तरी झाकला जातो. तो नाही दिसला तर सोडून द्या, आज त्याचं काम नाही.

काम आहे अत्रीचं. चौकटीला शेपूट जिथं जोडली जाते तो तारा अत्री, सातांतला सगळ्यांत मंद, प्रत ३.३. तारा जेवढा मंद तेवढा प्रतीचा आकडा मोठा. बाकीचे सहा दुसऱ्या प्रतीच्या आसपास. तर स्वतःला विचारा, अत्री सहज दिसतोय का? सहज दिसत असेल तर पुढे चला. डोळे ताणल्यावरच दिसत असेल तर अरुंधती आज अवघड, कारण ती अत्रीहूनही मंद, प्रत ४.० ची आहे. आणि अत्री दिसतच नसेल तर खाली जाऊन जेवा, उद्या बघू. आकाश पुरेसं काळं आहे की नाही याची ही परीक्षा मी कुठल्याही ॲपपेक्षा जास्त मानतो.

मग शेपटीतला मधला तारा. वसिष्ठ. त्याच्यावर नजर ठेवा.

आता अरुंधती

वसिष्ठाच्या उजवीकडे, जराशी खालच्या अंगाला, अगदी चिकटून. चूक इथंच होते. माणसं बोटभर अंतरावर शोधतात. वसिष्ठ ते अंगिरा जेवढं अंतर आहे त्याच्या विसाव्या भागाएवढंच वसिष्ठ-अरुंधती अंतर आहे. आकड्यात सांगायचं तर सुमारे १२ कला (एका अंशाच्या साठ कला). पौर्णिमेचा चंद्र ३१ कलांचा असतो, म्हणजे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. लांब धरलेल्या करंगळीच्या जाडीत असे पाच तुकडे बसतील.

थेट बघून नाही दिसली तर नजर वसिष्ठापासून थोडी बाजूला, मरीचीकडे सरकवा आणि मन मात्र वसिष्ठाकडे ठेवा. डोळ्याच्या मधल्या भागापेक्षा कडेच्या भागाला मंद उजेड जास्त कळतो. त्यामुळं सरळ बघताना हरवलेली चांदणी तिरकं बघताना एकदम टिचकी मारल्यासारखी उमटते. दोन-चार वेळा उमटली की मग सरळ बघूनही दिसायला लागते. आमच्या शेजारच्या कानडी काकूंना दाखवत होतो, "काणतैतेन्‌री?" (दिसतंय का हो?) म्हणून तीनदा विचारलं, तीनदा त्या गप्प. चौथ्यांदा मी विचारायच्या आतच त्यांनी माझा दंड धरला. काही बोलल्या नाहीत.

उजवीकडे-खाली ही खूण मेमधल्या रात्री दहाच्या आसपासची आहे. आकाश फिरतं तशी जोडीही फिरते. मार्चच्या रात्री सप्तर्षी ईशान्येला उभे असतात, शेपूट खाली लोंबती. तेव्हा अरुंधती वसिष्ठाच्या खालच्या बाजूला शोधायची. दरवेळी लक्षात ठेवायची गोष्ट एकच: वसिष्ठ आधी उगवतो, अरुंधती त्याच्या मागून.

दिसली ते खरं कशावरून?

'दिसली' म्हणणाऱ्यांतले निम्मे जण सौजन्यानं म्हणत असतात. म्हणून मी वही देतो. कुणाशी न बोलता प्रत्येकानं तीन चोर काढायचे आणि मधल्याच्या शेजारी चांदणी कुठल्या बाजूला आहे ते टिंब द्यायचं. नंतर वह्या एकमेकींशेजारी ठेवायच्या. टिंबं एकाच बाजूला आली तर दिसली.

एक नाजूक गोष्ट. ज्याला अरुंधती दिसत नाही त्याचा काळ जवळ आला, असं जुनी माणसं म्हणतात, संस्कृत सुभाषितातही ते आहे. त्यामुळं वयस्क माणसाला गच्चीवर नेऊन "दिसालीय काय?" असं चारचौघांत विचारू नका. आमची आज्जी मान वर न करताच "दिसली की बाबा" म्हणायची. आम्ही पोरं हसायचो. तिला मोतीबिंदू होता आणि त्याहून मोठी भीती होती, हे फार उशिरा लक्षात आलं. ऑपरेशननंतरच्या उन्हाळ्यात ती आपणहून जिना चढली. काय दिसलं ते तिनं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

अरबांमध्येही हा तारा नजरेची परीक्षा म्हणून प्रसिद्ध होता. पण खरं बघता चांगल्या डोळ्याला एका कलेचं अंतर वेगळं करता येतं आणि इथं बारा आहेत. म्हणजे परीक्षा असलीच तर डोळ्यापेक्षा आकाशाची आणि चष्म्याची जास्त. पोराला दिसली नाही तर भाकितं करू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. आणि दिसली म्हणून डोळे ठणठणीत, असंही धरू नका.

जे दिसलं ते काय आहे

मोबाईलवरच्या नकाशात वसिष्ठाचं नाव मिझार आणि अरुंधतीचं अल्कॉर असं येईल. अंतर सुमारे ८२ प्रकाशवर्षं. तुमच्या डोळ्यात आज शिरलेला उजेड १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथून निघाला. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं. १९५६ साली ते म्हैसूर राज्यात गेलं, १९७३ साली त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं, २०१४ साली कागदावर बेळगावचं बेळगावी झालं, आणि उजेड तोवर वाटेतच होता.

मंद दिसते म्हणून ती दुबळी समजू नका. सूर्याच्या सुमारे चौदापट तेज तिचं आहे. आपला सूर्य उचलून तिच्या जागी ठेवला तर तो जवळजवळ सातव्या प्रतीचा दिसेल, म्हणजे कणकुंबीच्या अमावास्येलाही साध्या डोळ्यांना दिसणार नाही. साध्या डोळ्यांची हद्द काळ्याकुट्ट आकाशात सहाव्या प्रतीच्या आसपास संपते.

रंगाचं थोडं सावकाश सांगतो, कारण इथं फसगत असते. मंद उजेडात डोळ्याला रंग कळतच नाहीत, त्यामुळं चौथ्या प्रतीचा जवळपास कुठलाही तारा पांढुरकाच वाटतो. अरुंधती मात्र खरोखर पांढरी आहे. तिच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ८,००० केल्विन, सूर्याचं सुमारे ५,८००. ज्योतिर्विद तिला 'ए' वर्गात घालतात, तो वर्गच पांढऱ्या ताऱ्यांचा. पडताळा हवा असेल तर शेपटीची वळणदार कमान तशीच पुढे उजवीकडे, पूर्वेच्या अंगानं वर वाढवा. पहिला भेटतो तो ठळक नारिंगी तारा स्वाती. कमान आणखी पुढे डोक्यावरून दक्षिणेकडे नेली की निळसर-पांढरी चित्रा. स्वाती अरुंधतीपेक्षा चाळीसपट तेजस्वी दिसते, म्हणून तिचा रंग कळतो. स्वाती, चित्रा आणि मग पुन्हा अरुंधती असं एका ओळीनं बघितलं की पांढऱ्याचाही अंदाज यायला लागतो.

ती स्वतःभोवती भन्नाट फिरते. विषुववृत्तावरचा वेग सेकंदाला २०० किलोमीटरहून जास्त, सूर्याचा जेमतेम दोन. आणि ती एकटी नाही. तिच्या अगदी लगत एक लाल बटुतारा आहे, तो २००९ साली सापडला. तो साध्या डोळ्यांना काय, घरच्या दुर्बिणीलाही दिसायचा नाही.

वसिष्ठाची कथा आणखी गुंतागुंतीची. दुर्बिणीतून तो एकाचे दोन दिसतो, हे १७व्या शतकातच कळलं होतं. फोटोत टिपलेला पहिला जोडतारा तोच, १८५७ साली. पुढे १८८९ साली वर्णपटावरून, म्हणजे ताऱ्याचा उजेड रंगांत फोडून, कळलं की त्या दोघांतला ठळक तारा म्हणजे स्वतःच एक जोडी आहे, दोन तारे एकमेकांभोवती साडेवीस दिवसांत फेरी मारतात. दुसराही तसाच जोडीचा निघाला. वसिष्ठाकडचे चार आणि अरुंधतीकडचे दोन मिळून सहा. लग्नात दाखवायच्या आदर्श जोडप्याचं हे एकत्र कुटुंब आपल्या भटजींना सांगावं की नाही, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

सप्तर्षींतले मधले पाच, म्हणजे पुलहापासून वसिष्ठापर्यंत, आणि अरुंधती, हे सगळे आकाशगंगेत एकाच दिशेनं, एकाच वेगानं चाललेले आहेत. एकाच ढगातून जन्मलेली ही भावंडं, वय साधारण ४० ते ५० कोटी वर्षं. सूर्य ४६० कोटींचा. दोन टोकांचे क्रतू आणि मरीची मात्र परके आहेत, नुसते रांगेत उभे दिसतात.

दुर्बीण असेल तर

साधा ७×५० किंवा १०×५० बायनॉक्युलर असेल तर दोन्ही कोपरं गच्चीच्या कठड्यावर टेकवा, नाहीतर तारे नाचतात. जोडी ऐसपैस सुटी दिसते आणि दोघांच्या मध्ये, जरा बाजूला, आठव्या प्रतीच्या आसपासचा आणखी एक बारका ठिपका मिळून त्रिकोण होतो. त्या ठिपक्याचा या कुटुंबाशी संबंध नाही, तो फार दूर मागे आहे. छोट्या टेलिस्कोपमधून पन्नासपट मोठं करून बघितलं की वसिष्ठाचे दोन होतात. टेलिस्कोपात चित्र उलटं दिसतं, डावं-उजवं शोधत बसू नका.

मे चुकला तर

मृग बरसायला लागला की सप्टेंबरअखेरपर्यंत आपल्याकडे आशा नाही. ऑक्टोबरमध्ये आकाश उघडतं तेव्हा सप्तर्षी संध्याकाळी वायव्येला टेकलेले असतात. युरोपातल्या पुस्तकांत ते कधी मावळत नाहीत असं वाचाल, ते तिकडचं. आपण १६ अंश अक्षांशावर आहोत, आपल्याकडे अरुंधती दिवसाकाठी नऊ तास क्षितिजाखाली असते.

तुळशीचं लग्न लागून आपल्या लग्नसराईला सुरुवात होते, आणि गंमत इथंच आहे. मार्गशीर्षात, डिसेंबरच्या मध्यावर दुपारचा मुहूर्त असेल तर अरुंधती खरोखर वर असते, वायव्येला तीन मुठी, पण उन्हात दिसत नाही. गोरज मुहूर्त धरला तर अंधार पडेपर्यंत ती मावळून गेलेली असते. वैशाखातल्या गोरज मुहूर्तानंतर मात्र पाऊण-एक तासानं अंधार दाटला की ती दिसते, मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगणात जाऊन उत्तरेला चार मुठी. लायटिंगच्या माळा तेवढ्या पाच मिनिटं बंद करायला सांगा.

हिवाळ्यात पहाटे उठणाऱ्यांची चांदी. नोव्हेंबरच्या मध्याला पहाटे सव्वापाचला ती ईशान्येला दोन मुठींवर असते, आणि जानेवारीत साडेपाचला उत्तरेला अगदी उंच. डेअरीत दूध घालायला निघालेल्या माणसाला ती वाटेत दिसते. किटली खाली ठेवायची, बाजलं शोधायचं, अत्री आहे का बघायचं, मग मधला चोर.